बुरणुसाची फुले

कराडहून कडेगावमार्गे विट्याकडे निघाले की वाटेत येरळा लागते. ती ओलांडली की उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो, झाडे विरळ होतात आणि माळ सुरू होतो. सह्याद्रीच्या पाठीमागचा हा भाग. ढग घाटावरच रिकामे होतात, इथवर येते ती उरलीसुरली सर. विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे मुख्य गाव, पण केवळ शेतीच्या भरवशावर राहणे या गावाला कधी परवडले नाही. काही जणांनी गलाईचा धंदा धरला. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या कामासाठी इथली माणसे देशभर पसरली आहेत. दूरच्या एखाद्या शहरातल्या सराफ बाजारात मराठी बोलणारा गलाईवाला भेटला तर तो विटा-खानापूर-आटपाडीकडचा असण्याचीच शक्यता जास्त. बाकीच्यांनी गावातच यंत्रमाग टाकले. विट्याच्या कितीतरी गल्ल्यांत अजूनही बोलताना आवाज चढवावा लागतो, कारण भिंतीपलीकडे माग चालू असतात.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हा आम्ही चौघी विट्याला पोहोचलो. दोघी बहिणी, एक भावजय आणि कॉलेजात शिकणारी आमची लेक. भाचीच्या घरी चार दिवसांचा मुक्काम होता. पाहुणचार हे निमित्त खरे, पण कारण वेगळे होते. भाचीचे मिस्टर मागावर आहेत. सुताचे भाव आणि कापडाचा उठाव यांचा मेळ बसला नाही की माग एकाच पाळीत चालतात आणि घरात निम्मा पगार येतो. भाचीच्या हातात कला आहे. निकाहाचे सेहरे, दारावरची तोरणे, ईदला दिवाणखान्यात लावायच्या माळा ती वर्षानुवर्षे करते. पुण्यातल्या ओळखीच्या एका बाईंनी तिच्याकडे नाताळासाठी वीस कडी मागितली होती. दारावर लावायचे गोल कडे, त्यावर कापडाची फुले आणि पाने. मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची. अट एकच होती: फुले बाजारातल्या प्लॅस्टिकच्या फेल्टची नकोत, खऱ्या लोकरीची हवीत.

नाताळाची कडी आपण का करायची, असा प्रश्न घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी केलाच. भाची शांतपणे म्हणाली, "मामू, फूल आपण करायचं. ते ज्याच्या दारावर लागेल त्याचा तो सण." आमच्याकडचे मणेर, अत्तार, पिंजारी पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत. मणेराच्या बांगड्या सगळ्या जातींच्या लग्नात वाजल्या, पिंजाऱ्याने भरलेल्या गाद्यांवर सगळ्यांची लेकरे झोपली. विषय तिथेच संपला. राहिला प्रश्न लोकरीचा.

मेंढ्या दारात, लोकर उकिरड्यावर

विट्याहून रेणावीच्या घाटाने खानापूरकडे आणि पुढे भिवघाटावरून आटपाडीकडे रस्ता जातो. रेणावीला रेवणसिद्धाचे जुने देवस्थान आहे. घाट चढून गेल्यावर दोन्ही बाजूंना माळ पसरतो आणि त्यावर मेंढरांचे कळप दिसू लागतात. हा प्रदेश धनगरांचा. माणदेश म्हणतात तो इथून सुरू होतो आणि आटपाडीवरून सातारा जिल्ह्यातल्या म्हसवड-दहिवडीपर्यंत जातो. सरकारच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची केंद्रेही याच टापूत, दहिवडीला आणि कवठेमहांकाळजवळ रांजणीला आहेत.

कार्तिकात आटपाडीला उत्तरेश्वराची यात्रा भरते. तिथला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. २०२० साली या बाजारात 'सर्जा' नावाच्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने तो तरीही विकला नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. माडग्याळ हे जत तालुक्यातले गाव. तिथली मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटासारखे बाकदार. पण या मेंढीच्या अंगावर लोकर नावापुरतीच असते. तिची किंमत मांसाची, रुबाबाची आणि पैदाशीची.

लोकर देते ती दख्खनी मेंढी. बुटकी, काटक, बहुतेक काळी. मैलोन्मैल चालते, दुष्काळ सोसते. तिची लोकर मात्र भरड. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोसारखी मऊ नाही, म्हणून स्वेटरच्या गिरणीला ती नको असते. पूर्वी या लोकरीला एक हक्काचे गिऱ्हाईक होते, घोंगडी विणणारे सनगर. धनगराने कातरायची, घरातल्या बायांनी सूत काढायचे, सनगराने मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायची. त्या घोंगडीने पाऊस अडवला, थंडी अडवली आणि तीच बाजेवर अंथरली. आता गिरणीचे ब्लँकेट स्वस्त, प्लॅस्टिकचा कागद त्याहून स्वस्त. घोंगडी घेणारा कमी झाला आणि लोकरीचे गिऱ्हाईक गेले.

भिवघाटाच्या अलीकडे एका शेतात मेंढरे बसवली होती. वाघर लावलेली, आत कोकरे, बाजूला घोड्यावरून उतरवलेला संसार. दिवाळीच्या सुमारास वर्षातली एक कातरणी असते, दुसरी पावसाळ्याच्या तोंडावर. कळप खाली कृष्णाकाठाला आणि कोकणात उतरण्याआधी मेंढरे ओढ्यात धुऊन कातरतात. आम्ही गेलो तेव्हा कातरणी होऊन दोन दिवस झाले होते आणि बांधाला लोकरीचा ढीग पडला होता. आम्ही विचारले, "मामा, ही लोकर कुणाला देता?"

"कोण इचारतंय आता लोकरीला?" ते म्हणाले. "कातरणाऱ्याची मजुरीबी निघत न्हाय. मेंढराला उकडतंय म्हणून कातरायची. ऱ्हाती तितंच, न्हाईतर खड्ड्यात."

त्यांचे खरे उत्पन्न कोकरे विकण्याचे. त्याखालोखाल शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवून खतापोटी मिळणारे धान्य आणि पैसे. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून माळावर द्राक्ष, डाळिंब, ऊस चढत चालला आहे. ज्यांच्या शेतात पाणी आले त्यांचे दिवस फिरले, त्याबद्दल अल्लाहचे आभार मानावेत. पण चराई आक्रसत गेली आणि कळप लहान झाले. ही लोकर आज खड्ड्यात जाते, पण काही वर्षांनी ती खड्ड्यासाठीसुद्धा उरणार नाही, अशी चिन्हे आहेत.

मामा लोकर फुकट न्यायला सांगत होते. आम्ही पैसे दिले. त्यात दानधर्म नव्हता. फुकट मिळालेली वस्तू कुणी निवडून ठेवत नाही. शेपटीकडची मळकी, पोटाकडची कुसळांनी भरलेली आणि पाठीवरची स्वच्छ अशी सगळी लोकर एकाच ढिगात पडते. पैसे दिल्यावर आम्हाला सांगता आले, "पुढच्या कातरणीला पाठीवरची वेगळी ठेवा. पांढरी, करडी वेगळी. आणि कोकरांचं जावळ तर मिसळूच नका." कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. भरड दख्खनी लोकरीत एवढीच काय ती मऊ. जावळाच्या घोंगडीला पूर्वी जास्त मान असे. शेजारी बसलेल्या आजी हे ऐकून हसल्या आणि एका गाठोड्यातून ओंजळभर जावळ काढून त्यांनी आमच्या लेकीच्या हातात ठेवले.

पिंजाऱ्याचा शब्द

फेल्ट म्हणजे विणल्याशिवाय तयार झालेले कापड. त्यात ताणा नसतो, बाणा नसतो. नुसती लोकर दाबून, चोळून, घट्ट करून केलेली चादर. हिंदी-उर्दूत तिला नमदा म्हणतात. मराठीतही तिला स्वतःचा शब्द आहे, तो आपण विसरलो: बुरणूस. जुन्या शब्दकोशांत तो सापडतो, लोकरीचे जाड दाबलेले वस्त्र या अर्थाने. घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली घालायला, अंथरायला, पांघरायला त्याचा उपयोग. शब्द मूळचा अरबी आणि तो इथे रुळला. बुरणूस करण्याचे काम पिंजाऱ्यांकडे असे.

पिंजारी हे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत क्वचितच एखादे बाजारचे गाव असेल जिथे पिंजाऱ्याचे घर नव्हते. कोणी नदाफ आडनाव लावतात, कोणी पिंजारी, कोणी मन्सुरी. नद्दाफ हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. मन्सुरी हे नाव समाज मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी जोडतो. इ. स. ९२२ मध्ये बगदादमध्ये ज्यांना सुळावर चढवले ते सूफी. हल्लाज या शब्दाचा अर्थही पिंजणाराच. आणि सूफी हा शब्द 'सूफ' म्हणजे लोकर यावरून आला, असे बरेच अभ्यासक सांगतात. भरड लोकरीचा झगा ही त्या मंडळींची ओळख होती.

लोकरीचा आणि आपल्या घरांचा संबंध त्याहून जुना आहे. कुरआनच्या सूरह नहलमध्ये (आयत ८०) जनावरांची लोकर आणि केस यांपासून मिळणाऱ्या घरगुती सामानाची गणना अल्लाहच्या देणग्यांमध्ये केली आहे. सूरह कारिआमध्ये कयामतच्या दिवसाचे वर्णन येते तेव्हा डोंगरांना पिंजलेल्या लोकरीची उपमा आहे. ज्याने पिंजण चालताना पाहिली आहे, घट्ट गठ्ठा क्षणात कसा हवेत विरघळतो ते पाहिले आहे, त्याला ती उपमा किती भयंकर आहे हे लगेच कळेल.

विट्यात भाचीच्या ओळखीचे एक पिंजारी चाचा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. गादीचा धंदा फोमने नेला. जो थोडा उरला तो मोटारीवर चालणाऱ्या पिंजण-यंत्राने केला जातो, आणि ते यंत्र आता चाचांचा मुलगा चालवतो. हातातली पिंजण माळ्यावर होती. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी ती खाली काढली, धूळ पुसली आणि तात बोटाने छेडून पाहिली. लांब लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात आणि ती ठोकायला दोन्ही टोकांना जाड असलेला लाकडी दस्ता. लोकर पाहून ते म्हणाले, "बेटी, कापूस सरळ असतो. सांगाल तसा ऐकतो. ही गुंतायलाच जन्माला आली आहे. हिला आधी सोडवावं लागतं, म्हणजे मग ती आपल्याला हवी तशी गुंतते."

चाचांच्या या बोलण्यात फेल्टचे सगळे शास्त्र आले. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे अतिबारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की ते उघडतात. मग चोळले, दाबले की तंतू एकमेकांत सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा मागे फिरत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की लहान मुलाच्या मापाचा होतो, तो याच कारणाने. कापसाला असे खवले नसतात, म्हणून कापूस कितीही चोळला तरी त्याचा बुरणूस होत नाही.

जगात जिथे जिथे मेंढपाळ फिरले तिथे हे कसब पोहोचले. सैबेरियाच्या अल्ताई डोंगरात पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या थडग्यांतून सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे फेल्ट निघाले. १९४९ साली तिथल्या पाचव्या थडग्यात जो मोठा पडदा सापडला, त्यावर बसलेल्या एका आकृतीच्या हातात फुललेली डहाळी आहे, तीही रंगीत फेल्ट कापून जोडलेली. म्हणजे फेल्टची फुले ही काही आजकालची टूम नव्हे. किरगिझस्तानच्या फेल्टच्या गालिच्यांना युनेस्कोने २०१२ मध्ये तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतले. कोन्याच्या मौलवी दर्वेशांची उंच टोपी फेल्टचीच. आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या जुन्या फोटोंत दिसणारी काळ्या गोंड्याची तुर्की टोपी? तीही लोकर दाबूनच केलेली.

आपल्या देशात राजस्थानात टोंक, गुजरातेत कच्छ आणि काश्मीर ही नमद्याची ठिकाणे. कच्छमध्ये तर गणित आपल्यासारखेच आहे: लोकर मेंढपाळांची, हात पिंजारा-मन्सुरी मुसलमानांचे. काश्मिरी नमद्याची निर्यात १९९८ ते २००८ या काळात जवळजवळ संपली होती. २०२१ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तिथे नमद्याचे प्रशिक्षण सुरू झाले आणि २०२३ मध्ये नव्या कारागिरांचा माल इंग्लंडला गेला. तिथेही लोकर आणि हात दोन्ही होते, फक्त कोणीतरी त्यांची गाठ घालून देण्याची गरज होती.

विट्यात ही गाठ पडत नाही. घाटावर लोकर खड्ड्यात जाते, गावात पिंजण माळ्यावर पडून राहते आणि त्याच गावातली एक बाई फुलांसाठी मुंबईहून पॉलिएस्टरचे फेल्ट मागवते. या तिघांच्या घरांत एका तासाच्या रस्त्याचेही अंतर नाही.

अंगणातले काम

पहिला दिवस धुण्यात गेला. कच्च्या लोकरीच्या वजनातला बराच भाग माती, घाम आणि कुसळे यांचाच असतो. आधी कोरडी झटकून मोठी कुसळे हाताने निवडायची. मग कोमट पाण्यात रिठ्याचा काढा घालून लोकर नुसती बुडवून ठेवायची. घुसळायची नाही, चोळायची नाही, नाहीतर धुतानाच तिचे फेल्ट होऊन बसते. पाणी बदलताना लोकर आधी उचलायची, मग पाणी ओतायचे. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला माती सुटते. सावलीत खाटेवर पसरून वाळवायची.

पांढऱ्या-करड्या लोकरीला रंग दिला. त्यासाठी आधी तुरटीच्या पाण्यात उकळी द्यावी लागते, नाहीतर रंग टिकत नाही. कांद्याच्या सालीने सोनेरी-नारिंगी रंग आला. आटपाडीकडे डाळिंब काय कमी? रस काढणाऱ्या गाड्यावरून साली आणल्या, त्यांनी पिवळा आला. त्याच पाण्यात गंजलेल्या लोखंडाचे पाणी घातले की तो काळपट हिरव्याकडे झुकतो. पानांसाठी तो चालला. हळदीचा पिवळा रंग डोळ्यांत भरतो पण उन्हात उडतो, म्हणून तो टाळला. काळी लोकर तशीच ठेवली. तिला रंग लागत नाही आणि लागायची गरजही नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पिंजले. आवाज ऐकून गल्लीतली पोरे जमली. त्यातल्या बहुतेकांनी पिंजण पहिल्यांदाच पाहिली. तातेच्या प्रत्येक ठोक्याबरोबर लोकरीची गाठ सुटत होती, उरलीसुरली माती खाली पडत होती आणि वर ढग साचत होता.

मग खरे काम. अंगणात पातळ चटई अंथरायची. त्यावर पिंजलेल्या लोकरीचा पातळ थर पसरायचा, तंतू सगळे उभे. दुसरा थर आडवा, तिसरा पुन्हा उभा, चौथा आडवा. आमची युक्ती एवढीच की खालचे तीन थर भरड लोकरीचे आणि सगळ्यात वरचा जावळाचा. त्यामुळे फुलाचा चेहरा मऊ राहतो आणि पाठीला ताठपणा येतो. वरून जुना नायलॉनचा दुपट्टा किंवा जाळी टाकायची, साबणाचे गरम पाणी हाताने शिंपडायचे आणि तळहाताने हळूहळू दाबायचे. पहिली दहा मिनिटे फक्त दाबायचे. घाई करून घासले की थर सरकतात आणि मध्ये भोके पडतात. लोकर एकत्र धरायला लागली की चटईसकट गुंडाळी करायची, दोरीने बांधायची आणि कोपरापर्यंतच्या हाताने पुढे-मागे लाटायची. शंभर वेळा लाटले की गुंडाळी उघडायची, तुकडा पाव वळवायचा, पुन्हा गुंडाळायचा. चारही बाजूंनी असे झाले की तो आकसू लागतो. टोंक-कच्छचे कारागीर हेच काम पायांनीही करतात.

तुकडा तयार झाला की नाही, हे चिमटीने कळते. वरचे तंतू चिमटीत धरून उचलायचे. नुसते तंतू सुटून आले तर तो कच्चा आहे, अख्खा तुकडा उचलला गेला तर पक्का. मग थंड पाण्यात साबण पूर्ण काढायचा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू, म्हणजे साबणाचा अंश उरत नाही. पिळायचे नाही, टॉवेलमध्ये दाबायचे. शंभर ग्रॅम स्वच्छ लोकरीतून साधारण एक हात लांब, एक हात रुंद तुकडा मिळाला. पसरला होता तेव्हा तो दीडपट होता. एका तुकड्याला दोघींचा पाऊण तास लागतो.

फूल आणि त्याची किंमत

फेल्टचा मोठा गुण हा की तो कुठेही कापा, कडेने दोरे सुटत नाहीत, कारण त्यात दोरेच नाहीत. म्हणून पाकळीला दुमड घालावी लागत नाही. भाचीने तीन फुले ठरवली होती. गुलाबासाठी तळहाताएवढे वर्तुळ कापायचे, मग कात्री कडेने आत आत गोल फिरवत त्याची जिलबीसारखी पट्टी करायची. बाहेरच्या टोकाकडून ती गुंडाळत आणायची, मधला गोल शेवटी बुडाला बसतो, तिथे चार टाके घालायचे. शेवंतीसाठी लांब पट्टी मधोमध दुमडून दुमडीच्या बाजूने बारीक काप द्यायचे आणि मग गुंडाळायची. तिसरे फूल पाच पाकळ्यांचे. त्यासाठी तिने काळी लोकर निवडली आणि मध्ये डाळिंबाच्या सालीचा पिवळा गोळा बसवला. आम्हाला वाटले होते काळे फूल कोणी दारावर लावणार नाही. कड्यावर बसल्यावर नजर आधी त्याच्यावरच जात होती.

कड्यांसाठी बुरुडाकडून बांबूच्या कांबीची वर्तुळे करून आणली. तारेपेक्षा हलकी, गंजत नाहीत. त्यावर सुतळी गुंडाळली आणि फुले सुईने शिवली. डिंकाने चिकटवलेले फूल उन्हाळ्यात सुटते, शिवलेले राहते. एका कड्यावर चौदा फुले आणि दहा-बारा पाने.

आता हिशोब, कारण वाचक भगिनींपैकी जिला हे करावेसे वाटेल तिचा पहिला प्रश्न तोच असेल. एका फुलाला कापणे-शिवणे मिळून वीस मिनिटे धरा. चौदा फुलांचे पावणेपाच तास होतात. तुकडा लाटणे, पाने, कडे बांधणे धरले तर एका कड्याला एका बाईचा एक पूर्ण दिवस जातो. म्हणून किमतीची सुरुवात बाजारात तसले कडे कितीला मिळते इथून करायची नाही. आपल्या गावात बाईला शेतावर दिवसाची हजेरी किती मिळते ती आधी लिहायची. त्यावर लोकर, पिंजाई, साबण, तुरटी, कांब, धागा आणि टपालखर्च. ही बेरीज म्हणजे नुसती खर्चाची किंमत. नफा त्यानंतर. भाचीने वहीत असा हिशोब मांडला तेव्हा पुण्याच्या बाईंनी सुचवलेला आकडा तिच्या मजुरीलाही पुरत नव्हता. तिने फोन करून तसे स्पष्ट सांगितले आणि लोकर कुठली, पिंजली कोणी, रंग कशाचा, हेही सांगितले. त्या वीसच्या ऐवजी बारा कड्यांवर आल्या, पण किंमत तिने मागितली ती मान्य केली. आमच्या मते हा सौदा चांगला झाला. बारा कडी पूर्ण मजुरीने केलेली बरी, वीस अर्ध्या मजुरीने केलेल्यांपेक्षा.

यात स्पर्धा मोठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पॉलिएस्टरचे फेल्ट रंगीबेरंगी, एकसारखे आणि पुष्कळ स्वस्त असते. नेपाळात काठमांडूच्या परिसरात हजारो बायका लोकरीचे गोळे, फुले, माळा करतात आणि त्यांचा माल युरोप-अमेरिकेच्या नाताळात विकला जातो. त्यांची बरीचशी लोकर न्यूझीलंडहून येते. तिच्या पांढऱ्याशुभ्र मऊपणाशी आपली दख्खनी लोकर बरोबरी करू शकणार नाही. करायचीही नाही. आपल्या फुलात चार केस वर उभे राहतात, रंग मातकट येतो, हाताला किंचित खरखरते. ते या माळाचे फूल आहे, हे सांगूनच ते विकावे लागेल. नाताळ वर्षातून एकदा येतो, पण निकाहाचे सेहरे, ईदच्या माळा, बाळाच्या पाळण्यावरची फुले यांना बारा महिने मागणी असते. सेहऱ्यासाठी मात्र फक्त जावळ वापरावे, चेहऱ्याला टोचता कामा नये.

कसब एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाऊ शकते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस संपले तेव्हा त्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता घडवायला घेतली, आणि आज मिरजेची सतार देशभर वाजते. शिकलगाराला वाद्य सापडले, तसे पिंजाऱ्याला काय सापडेल हे आज कोणी सांगू शकत नाही. पण स्वतःच्या हाताच्या कमाईपेक्षा चांगले अन्न नाही, ही पैगंबरांची (स.) शिकवण ज्या घरांत लहानपणापासून ऐकू येते, त्या घरांत हात रिकामा बसू नये एवढे तरी व्हावे.

चौथ्या दिवशी चाचांनी पिंजाई घेताना निम्मे पैसे परत केले. आम्ही ते घेतले नाहीत, भाचीच्या हिशोबात पिंजाई पूर्ण लावलेली होती. त्यांच्या नातवाने दोन दिवस दस्ता धरून पाहिला होता, त्याच्या हाताला फोड आले होते. पिंजण माळ्यावर गेली नाही, दाराच्या आत भिंतीला टांगली आहे. भिवघाटाच्या मामांचा फोननंबर भाचीकडे आहे. मृगाच्या आधीच्या कातरणीला पाठीवरची पांढरी लोकर वेगळ्या पोत्यात आणि जावळ वेगळ्या फडक्यात बांधून ठेवायचे ठरले आहे, आणि भाव किलोवर.